पहिल्याच ओळीत लिहिलं होतं

आमच्या फौंड्रीत स्वतःचा मेल सर्व्हर आहे असं सांगितलं, की आयटीतली माणसं माझ्याकडे एका विशिष्ट नजरेने बघतात. घरात अजून पाट्या-वरवंट्यावर चटणी वाटणाऱ्या माणसाकडे बघावं तशी. कौतुक असतं त्यात, पण ‘कशाला एवढा त्रास’ हेही असतं.

त्रासाचं कारण अण्णा. अण्णा म्हणजे मालक. शिरोली एमआयडीसीत त्यांची साठेक माणसांची फौंड्री आहे आणि मी तिथे पर्चेस बघतो. ‘‘दूध इकत, पाणी इकत, आता टपाल पण दुसऱ्याच्या घरात ठेवायचं? आपल्या मळ्यात आपली हीर पायजे,’’ हे अण्णांचं धोरण. विहीर खणायचं काम माझ्याकडे आलं ते फार जुन्या पुण्याईने. अकाउंट्समधल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा न फाडता बाहेर काढला होता. छोट्या कारखान्यात प्रिंटरमधून कागद काढणारा माणूस हा पुढे आयुष्यभर वायर असलेल्या प्रत्येक वस्तूला जबाबदार धरला जातो. मिक्सरलासुद्धा.

तर हा सर्व्हर. स्टोअरच्या खोलीत, लाकडी पॅटर्नच्या दोन मांडण्यांच्या मधे, एक काळा डबा. फौंड्रीतली प्रत्येक गोष्ट कालांतराने काळी होते, हा आधीपासूनच काळा होता एवढंच. खंडेनवमीला त्यालाही झेंडूचा हार आणि हळद-कुंकू मिळतं. आत दोन प्रोग्रॅम मुख्य. एक पोस्टफिक्स, दुसरा डव्हकॉट. पोस्टफिक्स वीत्सा व्हेनेमा नावाच्या डच माणसाने आयबीएमच्या संशोधन केंद्रात बसून लिहिला, १९९८ साली तो लोकांसाठी खुला झाला. डव्हकॉट फिनलंडच्या टिमो सिराइनेनचा, २००२ पासूनचा. ही माहिती अण्णांना दिली तेव्हा त्यांनी फक्त एकच विचारलं, ‘‘डव्हकॉट म्हंजे काय रं?’’

मी शब्दकोश बघितला. डव्हकॉट म्हणजे ढाबळ. कबुतरांची.

अण्णांचा चेहरा उजळला. पेठेतल्या माडीवर त्यांची एके काळी ढाबळ होती, कॉलेज त्याच नादात अर्धवट राहिलं. त्या दिवसापासून आमच्या कारखान्यात सर्व्हरला सर्व्हर कुणी म्हणत नाही. पोस्टफिक्स हा गेटवरचा वॉचमन. बाहेरून येणारं टपाल घेणं, आतलं बाहेर पाठवणं हे त्याचं काम. डव्हकॉट ही ढाबळ. प्रत्येकाचं टपाल प्रत्येकाच्या कप्प्यात ठेवायचं, आणि कुणी मागायला आलं की ओळख पटवून द्यायचं. आउटगोइंगला जाणाऱ्या माणसाचा पासवर्ड तपासायलाही वॉचमन ढाबळीलाच विचारतो. ढाबळ बंद, तर येणंही बंद आणि जाणंही बंद. एरवी हे सगळं माहीत असण्याची गरज नसते. मलाही नव्हती, त्या शनिवारपर्यंत.

डब्यातली सिस्टिम डेबियन. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला ‘टॉय स्टोरी’ सिनेमातल्या खेळण्याचं नाव असतं. बारावी आवृत्ती ‘बुकवर्म’, म्हणजे पुस्तकी किडा. तेरावी ‘ट्रिक्सी’, तीन शिंगांची निळी डायनासोर, ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. किड्याच्या जागी डायनासोर आणताना माणसाने थोडं सावध असायला हवं, पण नाव इतकं गोंडस, की मी शनिवारी रात्री साडेनऊला, जेवून, बडीशेप चघळत, अपडेट सुरू केलं.

अपडेट चालू असताना मधे मधे ती सिस्टिम प्रश्न विचारते. ही फाइल तुम्ही पूर्वी हाताने बदललेली दिसते, आमची नवी आवृत्ती घेऊ की तुमची जुनी ठेवू? नुसतं एंटर दाबलं तर जुनी राहते. आता, ज्या फाइलमध्ये मी दहा वर्षं एकेक ओळ घालून संसार उभा केला, ती कुणा परक्याच्या हवाली करायची? मी एंटर दाबलं. पुन्हा विचारलं, पुन्हा एंटर. सहा-सात वेळा हे झालं. दर वेळी मला आपण काही तरी वाचवलं असं वाटलं.

मशीन पुन्हा चालू केलं. वॉचमन हजर. ढाबळ बंद.

मी ‘सुरू हो’ अशी आज्ञा दिली. नाही. पुन्हा दिली. नाही. मग मी तेच केलं जे लिफ्टचं बटण दाबून लिफ्ट आली नाही तर करतात. शेवटी मशीनने लॉगमध्ये लिहिलं, त्याचा मराठी अर्थ असा, की सुरू करण्याची विनंती फार घाईघाईने आणि पुन्हा पुन्हा करण्यात आली आहे. म्हणजे बिघाड काय ते सांगायचं राहिलं बाजूला, वर माझ्या वागणुकीबद्दल ताशेरे.

लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. अत्यंत प्रामाणिक. मिनिटा-सेकंदासकट सगळं लिहून ठेवतो. पण लॉग वाचायची एक पद्धत पडली आहे, जी मी मोठमोठ्या आयटीवाल्यांतही बघितली: शेवटून वाचायचा. शेवटच्या वीस ओळी बघायच्या. काही लोक पेपर क्रीडा पानापासून वाचतात तसं. आणि शेवटच्या वीस ओळींत एकच मजकूर होता: सुरू झालं नाही, सुरू झालं नाही, सुरू झालं नाही, आणि मग तो ताशेरा.

रविवार उजाडला आणि तज्ज्ञ जमू लागले.

पहिला फोन अण्णांच्या पुण्यातल्या भाच्याचा. तो हिंजवडीत आहे, म्हणजे आमच्या दृष्टीने आयटीचा शंकराचार्य. ‘‘रीस्टार्ट करून बघितलंत का?’’ बघितलं. ‘‘मग डीएनएस असणार.’’ डीएनएस ठीक आहे. ‘‘मग फायरवॉल.’’ तीही ठीक. ‘‘मग,’’ थोडं थांबून तो म्हणाला, ‘‘परत एकदा रीस्टार्ट करून बघा.’’ गेटवरचे खरे वॉचमन, मामा, यांचं निदान असं, की काल रात्री दहाला दोन मिनिटं लाईट गेली होती, त्यानंतर त्यांचा रेडिओसुद्धा खरखरतोय. अकाउंट्सच्या वहिनी सुट्टी असून हिशेबासाठी आल्या होत्या. ‘‘भाऊजी, माझा पासवर्ड कुणी बदललाय. नाव घेत नाही मी, पण मला माहीत आहे कुणी.’’ डिस्पॅचमधल्या एकाने मोबाइलवर वाचून सांगितलं, की हॅकर लोक कोल्हापुरात शिरलेत. कोल्हापुरात शिरून आमच्या फौंड्रीच्या कास्टिंगचे रेट चोरणारा हॅकर मला बघायचाय. त्याला मी चहा पाजीन, आणि ते रेट परवडतात का एवढंच विचारीन.

दुपारी सगळे गेल्यावर मी वॉचमनशी, म्हणजे पोस्टफिक्सशी, थेट बोलायचं ठरवलं. मेल सर्व्हरशी कीबोर्डवरून हाताने संवाद करता येतो. २५ नंबरच्या खिडकीवर जायचं, की तो २२० असा आकडा टाकून ‘बोला’ म्हणतो. मग आपण नमस्कार घालायचा. हा नमस्कार ‘हेलो’च आहे, पण त्यात एक एल कमी, कारण १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी हे नियम लिहिले तेव्हा आज्ञा चार-चार अक्षरांच्या ठेवल्या होत्या. पुढे नियम वाढले तेव्हा त्याच चार अक्षरांची उलथापालथ करून ‘एहलो’ केलं. म्हणजे जगातली तमाम ई-पत्रं, लग्नपत्रिकेपासून कोर्टाच्या नोटिशीपर्यंत, या एका मोडक्या हेलोने सुरू होतात. तो २५० म्हणतो, म्हणजे ठीक. कुणाकडून? २५०. कुणाला? २५०. मजकूर? ३५४, येऊ द्या. आणि मजकूर संपला हे कसं कळवायचं? एका ओळीवर एकटं टिंब. आपण ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’ लिहितो, तिथे हे लोक एक टिंब टाकून निघतात.

मी टिंब टाकलं. वॉचमन म्हणाला, २५०, घेतलं, रांगेत ठेवलं.

इथे माझा जीव थोडा भांड्यात पडला. या जुन्या नियमांत एक गोष्ट फार शहाणपणाची आहे. नकाराचे आकडे दोन जातींचे. चारने सुरू होणारा म्हणजे ‘आता नाही, नंतर या’. पाचने सुरू होणारा म्हणजे ‘येऊच नका’. पाठवणारा सर्व्हर चारचा आकडा ऐकून रागावत नाही, थोड्या वेळाने परत येतो. पोस्टफिक्सला कुणी वेगळं सांगितलं नसेल तर तो एक पत्र पाच दिवस सांभाळतो, मधून मधून पोचवायचा प्रयत्न करतो, आणि तेवढ्यात नाहीच जमलं तर पाठवणाऱ्याला माफी मागत परत करतो. आपल्याकडे या दोन्ही नकारांना ‘बघू’ हा एकच शब्द आहे, आणि त्यातून कोणता ते ज्याचं त्याने ओळखायचं असतं.

तर टपाल हरवत नव्हतं. वॉचमन इमानाने घेत होता आणि गेटवर साठवत होता, कारण आत ढाबळीचं दार उघडत नव्हतं. रांगेत तेव्हा १८७ पत्रं होती.

संध्याकाळी अण्णा आले. बरोबर भडंग. स्टूल ओढून काळ्या डब्यासमोर बसले, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे. वेळ जावा म्हणून मी त्यांना एक खरी घडलेली गोष्ट सांगितली. अमेरिकेत उत्तर कॅरोलायना विद्यापीठात नव्वदच्या दशकात एकदा संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी सिस्टिम बघणाऱ्या माणसाला फोन केला, की आमची मेल ५०० मैलांच्या पलीकडे जात नाही. त्याला वाटलं, थट्टा. पण संख्याशास्त्राची मंडळी, त्यांनी नकाशा करून ठेवलेला. तपासलं तर खरंच: जवळच्या गावांना मेल जात होती, लांबच्यांना नाही. झालं होतं असं, की कुणी तरी येऊन मशीनची सिस्टिम अपडेट करून गेला होता. त्या अपडेटबरोबर सेंडमेल नावाचा मेल प्रोग्रॅम पुढे जाण्याऐवजी जुन्या आवृत्तीवर गेला, आणि सेटिंगची फाइल मात्र नव्या आवृत्तीचीच राहिली. जुन्या प्रोग्रॅमला नव्या फाइलमधल्या ओळी कळेनात, त्याने त्या सोडून दिल्या. त्यात ‘समोरच्याची किती वेळ वाट बघायची’ ही ओळही गेली, आणि ती वेळ झाली शून्य. प्रत्यक्षात त्या मशीनवर शून्य म्हणजे तीन मिलिसेकंदांहून किंचित जास्त. तेवढ्या वेळात प्रकाश जातो सुमारे ८९९ किलोमीटर, म्हणजे ५५९ मैल. त्याच्या आतलं गाव वेळेत उत्तर देई, बाहेरचं नाही.

अण्णा भडंग चघळायचे थांबले. ‘‘म्हंजे आपल्या हितनं?’’

‘‘बेंगळुरूला गेली असती अण्णा. दिल्लीला नाही.’’

‘‘मग आपली किती लांब जातीय आत्ता?’’

सर्व्हरपासून वहिनींचं टेबल बावीस फुटांवर आहे. मी ते सांगितलं, आणि तिथपर्यंतही जात नाही हेही सांगितलं.

अण्णांनी स्क्रीनकडे बघितलं. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण ते वाचत नव्हते, मोजत होते. ‘‘ह्या सगळ्या ओळी येकच हायत की रं. तू शेवटच्याच का बघालाईस? रिजेक्शन आलं तर आपण पैला नग बघतो का शेवटचा?’’

फौंड्रीत हा नियमच आहे. एका हीटमधला माल नापास झाला तर शेवटचा तुकडा हातात घेऊन काही उपयोग नसतो, तोवर वाळू, तापमान, माणसं सगळंच बिघडलेलं असतं. पहिला नग काढायचा. हा नियम पॅटर्न शॉपच्या भिंतीवर पाटीवर लिहिलेला आहे. ती पाटी रंगवून घेण्याचं काम मीच केलं होतं.

मी लॉग मागे नेला. शनिवार, रात्री दहा वाजून काही मिनिटं. ढाबळ उघडायचा पहिला प्रयत्न. आणि पहिल्याच ओळीत, स्वच्छ इंग्रजीत, माझ्या फाइलचं नाव घेऊन लिहिलेलं: या फाइलमध्ये सगळ्यात पहिली ओळ ‘डव्हकॉट कॉन्फिग व्हर्जन’ ही असली पाहिजे. ती नाही.

एवढंच. अपडेटबरोबर आलेली डव्हकॉटची २.४ ही आवृत्ती पूर्वीच्या सेटिंगच्या फाइली ओळखत नाही. आपण कोणत्या आवृत्तीच्या भाषेत बोलणार आहोत हे आधी जाहीर करा, मगच पुढचं बोला, असा तिचा दंडक. लग्नात पाहुणा मुलीकडचा का मुलाकडचा हे दारात विचारावं, तसा. आणि मी सहा-सात वेळा एंटर दाबून, अभिमानाने, जुनीच फाइल ठेवली होती. नवी ढाबळ, जुनी किल्ली.

पहिली ओळ लिहिली, तर दुसरी चूक. ती दुरुस्त केली, तर तिसरी. सगळी सांगत बसत नाही, पण एक सांगायलाच हवी. जुन्या फाइलमध्ये एक ओळ होती, तिचा अर्थ: ‘उघडा पासवर्ड बंद करू?’ उत्तर, ‘होय’. नव्या आवृत्तीत तीच गोष्ट अशी विचारतात: ‘उघडा पासवर्ड चालू देऊ?’ उत्तर द्यायचं, ‘नाही’. ज्याने कुणाच्या घरी ‘चहा नको ना?’ या प्रश्नाला ‘हो’ असं उत्तर देऊन नंतर अर्धा तास कपाची वाट बघितली आहे, त्याला या बदलाचं महत्त्व मी समजावून सांगायला नको.

रात्री पावणेअकराला ढाबळ उघडली. अण्णांनी खिशातून पेढा काढला. कुठून आला ते मी विचारलं नाही. मी वहिनींना फोन करून घरूनच बघायला सांगितलं.

पलीकडे शांतता. मग, ‘‘भाऊजी, सगळं गेलं.’’

‘‘काय गेलं?’’

‘‘इनबॉक्स. एकसुद्धा मेल नाही. जीएसटीची, बँकेची, दहा वर्षांची सगळी.’’

त्या क्षणी मला पोटात जे वाटलं ते भट्टी उलटताना वाटतं. अण्णा मात्र अजिबात घाबरले नाहीत. ‘‘ढाबळ हलीवली की पाखरं जुन्याच माडीवर जाऊन बसत्यात. जुनी माडी बघ.’’

आणि झालं होतं जवळजवळ तसंच. पाखरं जुन्याच माडीवर होती, शोधायला आम्ही गेलो होतो दुसरीकडे. ‘टपाल कुठे आहे’ हे पूर्वी एका ओळीत सांगता येई. आता टपालाची जात एका ओळीत, पत्ता दुसऱ्या ओळीत. शिवाय फाइली सरळ करताना अर्धा भाग मी डेबियनच्या नव्या नमुन्यातून उचलला होता, त्यात इनबॉक्सचा पत्ता आणखी तिसऱ्या ओळीत होता. पहिल्या दोन मी बदलल्या. तिसरी तशीच राहिली, आणि ती एका रिकाम्या कप्प्याकडे बोट दाखवत होती. ती काढली. वहिनींच्या घरातून फोनवर जो आवाज आला तो शब्दांत लिहिता येत नाही, पण मागे कुकरची शिट्टी होती.

सगळं झाल्यावर, साडेअकराला, मी डेबियन तेराच्या रिलीज नोट्स उघडल्या. अपडेट करण्याआधी वाचायच्या असतात त्या. त्यात डव्हकॉटचा स्वतंत्र परिच्छेद आहे. सेटिंगची पद्धत बदलली आहे, जुनी चालणार नाही, चालू कारखान्यातल्या सर्व्हरवर करण्याआधी दुसऱ्या मशीनवर करून बघा, नाही तर मेल बराच वेळ बंद राहील, असं त्यात कळकळीने लिहिलं आहे. ‘कारखान्यातल्या’ हा शब्द माझा. बाकी सगळं त्यांचं. मी अण्णांना ते दाखवलं नाही.

मग राहिलं रांगेतलं टपाल. तोवर तिथे २१४ पत्रं झाली होती. वॉचमनला ‘सगळं आत्ताच आत पाठव’ म्हणून एक आज्ञा देता येते, ती दिली. मिनिटभर लॉग धो-धो वाहिला, प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘पोचलं’. निम्म्याहून जास्त जाहिराती होत्या. भाच्याच्या तीन चाचणी-मेल होत्या, तिन्हींचा विषय ‘टेस्ट’. पुण्याच्या गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग होतं, ज्यासाठी वहिनींनी सकाळपासून कुणाकुणाचं नाव न घेता संशय घेतला होता.

आणि माझ्या कप्प्यात अण्णांची एक मेल होती. त्यांच्या नातवाने त्यांना उघडून दिलेल्या खात्यावरून, शनिवारी रात्री अकरा वाजून सहा मिनिटांनी पाठवलेली. ‘मेल बंद आहे. ही मेल बघितल्याबरोबर फोन कर.’

अण्णा शेजारीच बसले होते. मी त्यांना फोन केला. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, नाव बघितलं, उचलला आणि म्हणाले, ‘‘बोल. मिळाली का?’’